विषय नको, गोष्ट सांग!

‘मोबाइलचं व्यसन आणि आजची तरुणाई’. एफवायला असताना एका संपादकांना मी मेल केलेला हा माझा पहिला लेख. दोन रात्री जागून हजार शब्द लिहिले होते. उत्तर आलं एका ओळीचं : ‘हा विषय झाला, गोष्ट कुठंय?’ मग ‘करिअर आणि ताणतणाव’, ‘सोशल मीडिया : शाप की वरदान’ असे आणखी दोन पाठवले. त्यांना तर उत्तरही नाही. शाप की वरदान! दहावीच्या निबंधाच्या वहीतून मी बाहेरच आले नव्हते.

तेव्हा वाटायचं, चांगल्या गोष्टी लांब कुठंतरी असतात. मेळघाटात, सीमेवर, गेला बाजार मुंबईत. आपण पडलो पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारे. मेस, लेक्चर, लायब्ररी आणि परत मेस. यात लिहिण्यासारखं काय घडणार?

मग एप्रिलमध्ये ग्रुपवर एक मेसेज पडला. ‘अर्जंट. टीवायच्या अंध विद्यार्थिनीसाठी रायटर हवा आहे. सोमवार सकाळ.’ हा मेसेज तुमच्याकडेही येतो, आणि आपण सगळे एकच करतो. हात जोडलेला इमोजी टाकून तो पुढच्या ग्रुपवर ढकलतो. मीही तेच करत आले होते. पण माझे पेपर पुढच्या आठवड्यात होते, सोमवार मोकळा होता, म्हणून फोन केला. शिवाय ‘रायटर’ तर मला व्हायचंच होतं!

पेपर तीन तासांचा, पण आम्ही बसलो चार तास. तेव्हा लागू असलेल्या केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायची. त्यातलीच दुसरी अट मला त्या दिवशी कळली. लेखनिक स्वतः आणला, तर तो शिक्षणात परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचा लागायचा. कॉपीचा संशय नको म्हणून. ठीक आहे, पण याचा अर्थ बघा. जिच्याबरोबर वर्षभर अभ्यास केला ती वर्गातली मैत्रीण चालणार नाही. ज्युनिअर चालेल, पण ज्युनिअरची परीक्षा त्याच दिवसांत!

ताई भराभर सांगत होती, मी मागे पडत होते. एका संज्ञेचं स्पेलिंग मला येईना. तिनं शांतपणे एकेक अक्षर सांगितलं. घड्याळ तिचं चालू होतं, चूक माझी होती आणि मार्क जाणार होते तिचे. हात दुखायला लागला तेव्हा ‘जरा थांबू का?’ विचारायचीही लाज वाटली.

नंतर चहा पिताना विचारलं, ‘माझ्याआधी किती जणांना फोन केलास?’ म्हणाली, ‘सतरा. दोघं हो म्हणाले होते, पण आदल्या रात्री गळाले. अगं, अभ्यास झालेला असतो, रायटर झालेला नसतो.’

ते वाक्य डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी तिला विचारलं, ‘लिहू का यावर?’ ती म्हणाली, ‘लिही, पण मला बिचारी करू नकोस.’ हे विचारणं कधीही टाळू नका. गोष्ट आपल्याला सापडली असली तरी ती असते दुसऱ्या कुणाची तरी.

त्याच संपादकांना या वेळी हजार शब्द नाही, चार ओळी पाठवल्या. काय घडलं, अडचण नेमकी कुठे आहे, मी कुणाशी बोलले. उत्तर आलं : ‘आणखी दोघांशी आणि परीक्षा विभागाशी बोल, मग लिही.’ लेख छापून आला. मानधनात मेसचा अर्धा महिना निघाला. फ्रीलान्सिंगबद्दल स्वप्नं बघणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा!

अनिल अवचट शिक्षणानं डॉक्टर. पण ते हमालांमध्ये, तंबाखू कामगारांमध्ये जाऊन बसले, ऐकत राहिले आणि लिहिलं. एफवायला त्यांना वाचताना वाटायचं, असं बसायला खूप धाडस लागत असेल. आता वाटतं, जास्त करून वेळ लागतो.

कागदांतही गोष्टी असतात. शासनाच्या राजपत्रात नावबदलाच्या नोंदी येतात. कुणी लग्नानंतरचं नाव सोडतं, कुणी शाळेनं केलेली चूक वीस वर्षांनी दुरुस्त करतं. दहा रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज होतो आणि एरवी तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुनर्मूल्यांकनात किती जणांचे मार्क वाढले, हे तुमच्या विद्यापीठाला विचारून बघा. कँटीनमध्ये यावर रोज भांडतो, पण आकडा कुणाकडेच नसतो.

सध्या माझ्या मोबाइलच्या नोट्समध्ये फक्त प्रश्न आहेत. सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सवाले काका घरी कधी जातात? मेसच्या मावशी स्वतः किती वाजता जेवतात? कॉट सोडून गावी परतलेल्या एमपीएससीवाल्या दादाच्या पुस्तकांचं काय झालं? यातले निम्मे प्रश्न फुसके निघतील. निघू देत.

काल ग्रुपवर पुन्हा तसाच मेसेज आला. परीक्षार्थी टीवायचा आहे आणि आता मीही टीवायला, म्हणजे माझा उपयोग नाही. एफवाय-एसवायवाल्यांनो, गुरुवारी सकाळी कोण मोकळं आहे?