चाकावर माती, नळाला मोखाडा

शनिवारी सकाळी मित्रमंडळी मॉल गाठतात आणि मी बाल्कनीत चिखल करत बसते. इलेक्ट्रिक चाक, मातीचे गोळे, पाण्याची बादली आणि अंगावर नवऱ्याचा जुना टी-शर्ट. आठवडाभर डेडलाइनच्या मागे धावलेली बोटं चाकावर आली की आपोआप हळू होतात. घरातले कप, बाऊल, कुंड्या आता बहुतेक माझ्याच हातच्या. थोड्या वाकड्या, पण माझ्या! मात्र या छंदातला सगळ्यात महागडा कच्चा माल कोणता, हे मला शिरपामाळला गेल्यावर कळलं. माती नव्हे हो, पाणी!

शिरपामाळचा अर्धा पेला

मनोर-विक्रमगडमार्गे जव्हार म्हणजे मस्त वीकेण्ड ड्राइव्ह. गावाजवळच शिरपामाळ आहे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजांनी त्यांना मानाचा शिरपेच घातला आणि माळाला हे नाव पडलं, असं सांगतात. आम्ही गेलो ते ऐन एप्रिलमध्ये. स्मारक बघून, फोटो काढून परतताना एका पाड्यावर पाणी मागितलं. मावशींनी माठातलं गारेगार पाणी दिलं. मी अर्धा पेला प्यायले आणि उरलेलं सवयीने अंगणात भिरकावलं.

मावशी काहीच बोलल्या नाहीत. फक्त दाराजवळच्या मिरचीच्या रोपाकडे बोट दाखवलं. फेकायचंच होतं तर तिथे तरी फेकायचं! इतकं ओशाळल्यासारखं मला कधी ऑफिसच्या अप्रेझलमध्येही वाटलं नाही.

तसं जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. पण तीव्र उतार, खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाणी मुरत नाही, वाहून जातं. मग उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर बायकांच्या डोक्यावर हंडे आणि टँकरची वाट. आणि गंमत बघा, मोखाड्यातल्याच कोचाळ्याजवळचं १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण २०१४ पासून मुंबईला पाणी पुरवतंय. म्हणजे माझ्या चाकाशेजारची बादली कुणाच्या अंगणातून भरून येते, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

बादलीचा हिशेब

आता चाकावरचं गढूळ पाणी सिंकमध्ये ओतणं बंद. (तसंही ते ओतू नये, गाळ साचून पाइप तुंबतो.) बादली रात्रभर ठेवायची. सकाळी वर आलेलं नितळ पाणी झाडांना, खाली बसलेली माती पुन्हा मळायला. एक पथ्य मात्र कडक: ग्लेझचे ब्रश धुतलेलं पाणी वेगळं ठेवायचं. त्यात रसायनं असतात, ती मेथीत नकोत.

जे पाझरतं, ते बागेत

साधं भाजलेलं, ग्लेझ न केलेलं भांडं पाणी झिरपू देतं. म्हणून तर माठ गार राहतो! नवशिक्या कुंभाराला हा दोष वाटतो, पण बागेला ते वरदान आहे. माझं एक तोंड वाकडं झालेलं मडकं मी मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरलं, पाणी भरलं, वर झाकण ठेवलं. (झाकण हवंच, नाहीतर डासांची वसाहत!) भोवतीची माती सुकेल तसं पाणी हळूहळू पाझरतं आणि थेट मुळांशी जातं. मटका सिंचन म्हणतात ते हेच. टोमॅटो आणि मिरची खूश, आणि दोन दिवस बाहेरगावी गेलं तरी टेन्शन नाही.

हंडी गॅसवर

बागेतली मिरची तोडायची ती उडदाच्या वरणासाठी. नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण हा त्या डोंगरातला रोजचा घास. मी ते बाजारातून आणलेल्या, स्वयंपाकासाठीच्याच मातीच्या हंडीत शिजवते. नवी हंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, पहिल्यांदा अगदी मंद आच, आणि गरम हंडी ओल्या ओट्यावर टेकवायची नाही; तडकलीच म्हणून समजा. शोपीसच्या रंगीत भांड्यात मात्र कधीच शिजवू नका, काही ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. हंडीतलं वरण कुकरपेक्षा तिप्पट वेळ घेतं. घेऊ दे. मातीच्या कुठल्याच कामात घाई चालत नाही. पुरतं न सुकलेलं भांडं भट्टीत टाकलं, की आतल्या पाण्याची वाफ होते आणि फटाका वाजतो. अनुभवाचे बोल!

भाईंदरचे ब्रह्मदेव राम पंडित यांना मातीकामासाठी २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. आयुष्यभराची साधना ती. आपलं काय, शनिवार-रविवारचं कुंभारकाम. माझ्या हातून मावशींची पाणीटंचाई मिटणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण गेल्या महिन्यात मी मुद्दाम एक पेला केला, नेहमीच्या पेल्याच्या निम्म्या मापाचा. पाहुणे विचारतात, एवढासाच का? मी म्हणते, आधी हा संपवा. हवं तर पुन्हा भरून देते.