हबशी सरदार, हूण स्वार आणि हाडांतली साक्ष

आसनगावला उतरून माहुलीवर जाणारे बहुतेकजण सुळके आणि भंडारगड पाहून परततात. तानसा अभयारण्यातल्या याच गडावर १६३६ साली निजामशाही संपली. मोगलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान यांनी कोंडी केल्यावर शहाजीराजांना बालनिजामशहा शत्रूच्या हवाली करावा लागला.

खरं तर १६०० मध्ये नगरचा किल्ला पडला, तेव्हाच ही सल्तनत बुडायची. तिला पुढे पाव शतक तगवलं ते इथिओपियात जन्मलेल्या, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने. दख्खनी दरबारांना असे हबशी सरदार का हवे असत? इथे त्यांची ना भाऊबंदकी, ना पिढीजात वतन. सगळी भिस्त धन्यावर. हिशेब पक्का वाटे, पण अंगाशीही येई. अंबरने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवलं, त्याला मुलगी दिली. अंबरच्याच मुलाने, फतेहखानाने, पुढे एका निजामशहाचा काटा काढला.

परके योद्धे रोमनांनीही पदरी ठेवले, पण त्यांना हूण हवे होते ते मुख्यतः घोडा आणि धनुष्यासाठी. लाकडाला बाहेरून जनावराचे स्नायुतंतू आणि आतून शिंग चिकटवलेलं ते धनुष्य. तंतू ताण सोसतात, शिंग दाब सोसतं. त्यामुळे स्वाराला पेलेल अशा आखूड धनुष्यातही भरपूर ऊर्जा साठते. इ. स. ५३० मध्ये दारा इथल्या इराण्यांविरुद्धच्या लढाईत रोमन सेनापती बेलिसारियसच्या फौजेत सुनिकास आणि ऐगान या हूण सरदारांकडे ६०० स्वार होते. गंमत म्हणजे तिथे सुनिकासने इराणी निशाणवाल्याला लोळवलं ते भाल्याने, आणि पाठोपाठ सेनानी बरेस्मानासलाही मारलं.

या सरदारांचं रक्त पुढे कुठे गेलं? २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात हंगेरी परिसरातल्या हूणकालीन सांगाड्यांपैकी मोजक्यांचं नातं थेट मंगोलियातल्या श्योंगनू या प्राचीन भटक्या साम्राज्यातल्या अमीरांच्या थडग्यांशी जुळलं. बाकीची वस्ती सरमिसळ होती. आपल्याकडचं चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. २०११ च्या संशोधनानुसार भारतातल्या सिद्दींचा साठ ते पंचाहत्तर टक्के वारसा आफ्रिकी आहे, पण तो प्रामुख्याने बांटूभाषक समूहांचा. अंबरचा इथिओपिया हा वेगळा प्रवाह. त्यामुळे गुजरात-कर्नाटकातल्या सिद्दी वस्त्यांना सरसकट अंबरच्या सरदारांचे वंशज मानणं घाईचं ठरेल. माझ्या मते त्या सरदारांच्या खुणा दख्खनी मुसलमान घराण्यांत शोधायला हव्यात. सोयरिकी तिथेच झाल्या होत्या.