कामाचे तास आणि वेतनाचे माप

ठाणे, डोंबिवली, कल्याण ही शहरे रेल्वेने वाढविली. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत लोहमार्ग आला. पुढे नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड येथे, असा संसाराचा साचा ठरून गेला. या साच्यात पगार महिन्याच्या आकड्यावरून जोखला जातो. तो तासावरून जोखला, तर निराळेच चित्र दिसू लागते.

घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या मोठ्या गृहसंकुलाचे उदाहरण घ्यावे. फाटकावर कंत्राटदाराचा पहारेकरी उभा असतो. त्याची नोकरी पूर्णवेळ. किंबहुना त्याहूनही अधिक, कारण बारा तासांची पाळी अशा ठिकाणी नित्याची झाली आहे. जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने द्यावा, असे कायदा सांगतो. परंतु महिन्याची रक्कम एकदम सांगितली जाते आणि जादा चार तास तिच्यात विरघळून जातात.

त्याच इमारतीत भांडी-धुण्याला येणाऱ्या बाईला प्रत्येक घर अर्धवेळ समजते. दर कामागणिक ठरतो. एका घरी दीड तास. अशी पाच घरे केली, मधले जिने आणि वाट धरली, की दिवस संपतो. पाच अर्धवेळांचा मिळून झालेला हा पूर्ण दिवस मात्र कोणीच मोजीत नाही. म्हणून रजा, भविष्यनिर्वाह निधी, आजारपण यांची जबाबदारीही कोणत्याच घराची नसते.

सुशिक्षितही यातून सुटलेले नाहीत. महाविद्यालयातील तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासांचा. त्यामागील वाचन आणि तयारी हिशेबाबाहेर राहते. पुरुषाचे तास लांबवून, स्त्रीचे तास तुकड्यांत वाटून आणि अध्यापकाचे तास निम्मे झाकून श्रम स्वस्त केले जातात.

स्त्रिया अर्धवेळ काम स्वखुशीने पत्करतात, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत, घरचे विनावेतन काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषाचा ९७, असे आढळले. एवढा वेळ घरात गुंतलेल्या स्त्रीने कल्याणहून सुमारे ५४ किलोमीटरवरील मुंबईची नोकरी कशी धरावी? घराजवळ जे काम आणि जो दर मिळेल, तो ती स्वीकारते. याला निवड म्हणणे धाडसाचे आहे.

समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. परंतु त्याची तुलना एकाच मालकाकडील सारखे काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांत होते. भांडी घासायला पुरुष ठेवलेलाच नसेल, तर तुलना कोणाशी करायची? महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. पण तो कल्याणाचा होता, वेतनाचा नव्हता. केरळ व कर्नाटक या राज्यांनी घरकामाला किमान वेतनाच्या अनुसूचीत स्थान दिले. २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने अनुसूचीची अटच काढली. तरीही स्वयंपाकघराच्या दारापर्यंत निरीक्षक पोहोचेल, ही अपेक्षा भाबडी ठरेल.

मग उपाय काय? गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा पाण्याच्या टाकीवर तासभर चर्चा करते. पहारेकऱ्याच्या कंत्राटात आठ तासांची पाळी आणि घरकामासाठी तासाचा किमान दर व भरपगारी सुट्या, एवढे दोन ठराव तिला अशक्य नाहीत. मध्यमवर्गाचा हातही हप्त्यांनी आखडलेला आहे, हे खरेच. परंतु ज्याच्या महागाई भत्त्याचा आकडा निर्देशांकाबरोबर चढतो, त्याने आपल्या घरी राबणाऱ्या बाईचा दर वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवावा, हे न्यायाला धरून नाही. महागाई दोघांच्याही घरी एकाच बाजारातून येते.