राजाची सही आणि एका पक्षाची सत्ता

उरण - येथून पेणमार्गे कोकणात उतरताना माणगाव लागते. तेथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन मशिनगनच्या ठाण्यावर एकटेच चालून गेले आणि धारातीर्थी पडले. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. मात्र इटलीतील फॅसिस्ट राजवट वर्षभर आधीच कोसळली होती. मग आपल्या जिल्ह्याच्या या जवानाला तेथे का लढावे लागले? याचे उत्तर रोमच्या राजवाड्यात सापडते.

मुसोलिनीची हुकूमशाही सर्वांना ठाऊक असते. त्या काळात इटलीत राजाही होता, याचा मात्र विसर पडतो. १९२१ च्या निवडणुकीत फॅसिस्टांना ५३५ पैकी जेमतेम ३५ जागा मिळाल्या होत्या. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांची पथके रोमच्या दिशेने निघाली, तेव्हा पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायदा पुकारण्याचा हुकूम तयार केला. राजे तिसरे व्हिक्टर इमॅन्युएल यांनी त्यावर सही नाकारली आणि मुसोलिनीलाच सरकार बनविण्यास पाचारण केले. पुढच्या प्रत्येक पायरीवर मात्र सही होत गेली. १९२३ मध्ये सर्वाधिक मते मिळविणाऱ्या यादीस दोन तृतीयांश जागा देणारा कायदा झाला, १९२६ मध्ये अन्य पक्षांवर बंदी आली, १९२८ पासून मतदारांपुढे एकच यादी राहिली आणि १९३८ मध्ये ज्यूंविरोधी कायदेही झाले. राजा हतबल होता, असा बचाव पुढे केला जातो. तो पटत नाही. कारण पंतप्रधानाला पदच्युत करण्याचा अधिकार त्याच्याकडे अखेरपर्यंत होता.

तो त्याने वापरला, पण २१ वर्षांनी. जुलै १९४३ मध्ये दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या, रोमवर बॉम्ब पडले. २५ जुलैच्या पहाटे फॅसिस्टांच्याच महापरिषदेने १९ मतांनी सैन्याची सूत्रे राजाकडे सोपविण्याचा ठराव संमत केला. त्याच दिवशी दुपारी भेटीस आलेल्या मुसोलिनीला राजाने पदावरून दूर केले. बाहेर पडताच त्याला अटक झाली. लाखो सदस्यांचा पक्ष रस्त्यावर उतरलाच नाही. काही दिवसांतच तो विसर्जित करण्यात आला.

परंतु ८ सप्टेंबरला शस्त्रसंधी जाहीर होताच राजा सैन्याला स्पष्ट आदेश न देता रोम सोडून ब्रिंडिसीला निघून गेला. देशाचा बराचसा भाग जर्मनांच्या हाती पडला. घाडगे यांच्यासह मराठा पलटणींचे जवान ज्यांच्याशी झुंजले, ते हेच जर्मन सैन्य होय.

मे १९४६ मध्ये राजाने मुलासाठी गादी सोडली, तरी २ जून १९४६ च्या सार्वमतात सुमारे ५४ टक्के मते प्रजासत्ताकाच्या बाजूने पडली. नव्या राज्यघटनेने फॅसिस्ट पक्षाच्या पुनर्स्थापनेला मनाई केली आणि माजी राजांना व राजघराण्यातील पुरुष वारसांना देशात प्रवेश नाकारला. ही प्रवेशबंदी २००२ मध्ये उठली.