सिंथेसायझर की सॉफ्टवेअर?

इलेक्ट्रॉनिक संगीत करू पाहणाऱ्याने आधी सॉफ्टवेअरच घ्यावं. ‘खऱ्या यंत्राचा आवाज वेगळाच’ हा आक्षेप लगेच येतो, म्हणून रोलंडचं टीबी-३०३ पाहू. गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं हे यंत्र खपलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ च्या ध्वनिमुद्रिकेत डिस्कोच्या तालावर राग वाजवताना ते वापरलं होतं. १९८७ च्या ध्वनिमुद्रिकेत शिकागोच्या फ्युचर या गटाने सूर चालू असतानाच या यंत्राचे नॉब पिळले आणि ॲसिड हाउस या नृत्यसंगीताची सुरुवात तिथून मानली जाते. १९९० च्या दशकातच या यंत्राची सॉफ्टवेअर नक्कल आली. आजच्या नकला तर ड्रम्सच्या गर्दीत ओळखणं बहुतेक कानांना अवघड जाईल. तेव्हा कमाल सर्किटपेक्षा हाताची जास्त होती, आणि हातासाठी नॉब असलेला साधा मिडी कंट्रोलर पुरतो.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. संगणकाची प्रणाली बदलली की जुनं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं वाद्य, उघडेनासं होतं. चाळीस वर्षांचा सिंथ चांगल्या कारागिराच्या हाती पुन्हा बोलू लागतो. पण दुरुस्तीचा खर्चही त्याच वयाला शोभेल असा असतो! शिवाय यंत्रात पर्याय मोजकेच, त्यामुळे सूर निवडण्यात रात्र जात नाही. हा फायदा मी मानतो; फक्त तो एकच प्लगइन महिनाभर वापरूनही मिळतो, फुकट.