अक्षरांचा संसार

मार्केट यार्डांत भाजी आणावयास जाणें हा सेवानिवृत्तीनंतर आमचा नित्यनेम झाला आहे. मागील महिन्यांत पुतण्याची मुलगी बरोबर होती. भुसाराच्या गाळ्यांपुढें पोत्यांवर उमटविलेलीं अक्षरें पाहत ती इतका वेळ उभी राहिली कीं, आम्हांस हांक मारावी लागली. तिला उपयोजित कला शिकावयाची आहे. घरांत मात्र ‘जाहिरातींचीं चित्रें काढून पोट भरतें काय?’ हा प्रश्न उभा आहे. खरें सांगावयाचें तर तो प्रश्न प्रथम आम्हींच विचारला होता.

उत्तरादाखल तिनें कवि अरुण कोलटकर यांची हकीकत सांगितली. कोलटकर मूळचे कोल्हापूरचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनीं १९५७ सालीं मिळविली व पुढें जाहिरातव्यवसायांत कलानिर्देशक म्हणून नांव कमाविलें. १९५४ सालीं दिलीप चित्रे, रमेश समर्थ प्रभृति तरुणांनीं ‘शब्द’ हें अनियतकालिक काढलें, त्यांतही ते होते. तें सायक्लोस्टाइलवर निघे. छापखान्यांत खिळे जुळवितांना काना, मात्रा, वेलांटी यांचे तुकडे सांधावे लागत. येथें मेणकागदावर टोंकदार लेखणीनें कोरलें कीं अक्षर व चित्र एकाच हातानें उमटे. खर्च थोडा, आणि कोणा संपादकाची मनधरणी नाहीं. प्रस्थापित मासिकांबाहेर पडूं पाहणाऱ्या नव्या कवींस एवढें साधन पुरें होतें.

पुढें १९७६ सालीं चार कवींनीं मिळून ‘क्लिअरिंग हाऊस’ ही इंग्रजी काव्याची सहकारी प्रकाशनसंस्था उभारली. तिच्या ग्रंथांचीं वेष्टनें कोलटकरांनीं सजविलीं. त्यांची इंग्रजी ‘जेजुरी’ याच संस्थेनें काढली आणि तिला १९७७ सालीं राष्ट्रकुल काव्यपुरस्कार लाभला. त्याच वर्षीं अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनानें त्यांच्या मराठी कविता प्रसिद्ध केल्या.

आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें. मम्मटानें चित्रकाव्यास सर्वांत खालच्या पंक्तीस बसविलें आहे, हें सांगतांना आम्हांस कोण अभिमान वाटे! परंतु ज्या रूपानें शब्द डोळ्यांस प्रथम भेटतो, त्या रूपाचा विचार आम्हीं कधीं केलाच नाहीं. आज संगणकावर आपण जें ‘मंगल’ नांवाचें देवनागरी वळण वाचतों, तेंही र. कृ. जोशी या जाहिरातक्षेत्रांतून आलेल्या अक्षरकाराचें काम आहे. म्हणजे ज्या धंद्यास आम्ही पोटभरू म्हणत होतों, त्यानेंच आपली लिपि नव्या यंत्रांत नांदती ठेविली.

अर्थात् प्रत्येक विद्यार्थी कोलटकर होत नाहीं. मिळकतीची काळजी खोटी नव्हे, व ती वडिलांनीं करावीच. परंतु काळजी निराळी आणि तुच्छता निराळी. आपल्या घरांत मुलांची निवड पुष्कळदां दुसरीनेंच मोडते.

परवां रात्रीं पंगत उठल्यावर आम्हीं सर्वांदेखत आपला प्रश्न परत घेतला. मुलीची आजी अजून गप्प आहे, मात्र दुसऱ्या दिवशीं यादी व पिशवी तिनें आमच्याऐवजीं नातीच्या हातीं दिली आणि बजाविलें, “जा, पण पोतीं बघत तिथेंच बसूं नकोस!”