रात्री-अपरात्री विजेचा बिघाड : दुकानदार व कारागिरांनी काय करावे?

भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग असोत, मुंबईतील मदनपुऱ्याचे शिवणकाम असो किंवा तालुक्याच्या गावातील वेल्डिंगचे दुकान असो, आपल्या लहान धंद्यांत एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखीच आढळते. खाली कारखाना आणि वर घर. नाहीतर दिवसा कारखाना आणि रात्री त्याच पोटमाळ्यावर कारागिरांचा मुक्काम. त्यामुळे विजेचा बिघाड म्हणजे केवळ मशीन बंद पडले, माल अडकला, एवढ्यावर आपल्याकडे भागत नाही. 18 मे 2025 रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कारखान्याचे मालक व त्यांच्या घरची माणसेही होती, कारण राहणे तेथेच होते. त्यापूर्वी 8 डिसेंबर 2019 रोजी दिल्लीच्या अनाज मंडीतील इमारतीत 43 जण दगावले. त्यांतील बहुतेक तेथेच झोपलेले कारागीर होते आणि बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, धुराने गेला. दोन्ही ठिकाणी प्राथमिक कारण म्हणून शॉर्टसर्किटचेच नाव पुढे आले.

म्हणून पहिली गोष्ट मेन स्विचची. तो कोठे आहे हे मालकाला ठाऊक असते. पण रात्री दोन वाजता मालक तेथे नसतो. कारखान्यात झोपणाऱ्या प्रत्येक कारागिराला आणि घरातील बायकामुलांना मेन स्विच दाखवून, एकदा त्यांच्याच हाताने बंद करवून घ्यावा. त्याच्यासमोर मालाचे गठ्ठे रचू नयेत. पुष्कळ ठिकाणी दोन मीटर असतात, एक घरगुती व एक औद्योगिक. तेथे एकच मेन बंद करून काम भागत नाही. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. बाहेरची वीज गेली तरी इन्व्हर्टर तारांत वीज सोडतच राहतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

कोणता बिघाड तातडीचा आणि कोणता सकाळपर्यंत थांबू शकतो, हे ओळखता आले पाहिजे. बोर्डातून जळक्या प्लॅस्टिकचा किंवा सडक्या मासळीसारखा वास येत असेल, स्विच हाताला गरम लागत असेल, आत चरचर आवाज होत असेल तर थांबू नये. आत कोठेतरी स्क्रू ढिला होऊन जोड तापलेला असतो. मशीन चालू आहे म्हणून ‘उद्या बघू’ म्हणणे हा धोक्याचा सौदा आहे. मेन बंद करावा आणि वायरमन येईपर्यंत बंदच ठेवावा.

याहून फसवा प्रकार न्यूट्रल तुटण्याचा. एका खोलीतील दिवा अचानक डोळे दिपतील इतका प्रखर होतो, दुसऱ्या खोलीतला मिणमिणू लागतो, पंखा घोंघावत वाढत्या वेगाने फिरतो. अनेकांना वाटते, व्होल्टेज वरखाली होत आहे, होईल ठीक. प्रत्यक्षात तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रलची तार तुटली की 230 व्होल्टच्या जागी काही भागांत तीनशेच्याही वर व्होल्टेज चढू शकते. फ्रीज, टीव्ही, संगणकावर चालणारी एम्ब्रॉयडरी मशीन, जे जोडलेले असेल ते काही क्षणांत जळते. येथे क्षणाचाही विचार न करता मेन बंद करावा आणि शेजाऱ्यालाही हाक मारून सांगावे, कारण हा दोष बहुधा मीटरच्या अलीकडे, कंपनीच्या तारेत असतो आणि सगळ्या इमारतीला भोवतो. तो खाजगी वायरमनचा नव्हे, वीज कंपनीचा विषय आहे.

यंत्रमागवाल्यांना ठाऊक असलेला तिसरा प्रकार म्हणजे एक फेज जाणे. मोटर उचलत नाही, नुसती गुणगुणते व तापते. कारागीर पुन्हापुन्हा स्विच मारून पाहतो आणि शेवटी वाइंडिंग जळते. मोटर गुणगुणली की ताबडतोब बंद, हा नियम प्रत्येक मागावाल्याला पाठ असावा. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसविण्याचा खर्च एका रिवाइंडिंगच्या तुलनेत काहीच नाही, असे आमचे मत आहे.

नुसता एमसीबी पडत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. सर्व उपकरणांचे स्विच बंद करावेत, एमसीबी वर करावा आणि एकेक उपकरण चालू करीत जावे. ज्याने तो पडेल ते बाजूला ठेवावे. सगळे बंद असतानाही पडत असेल तर दोष तारेत आहे. मग पुन्हापुन्हा वर करू नये. एमसीबी पडतो म्हणून मोठा बसविणे किंवा जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळणे, हे तर आग लावण्याचेच साधन. हिशोब सोपा आहे. रमजानच्या शेवटच्या दिवसांत शिंप्यांची दुकाने रात्रभर चालतात. एक हजार वॅटच्या चार इस्त्र्या एकाच लाइनवर लावल्या की सुमारे साडेसतरा अँपिअर वीज ओढली जाते. दिव्या-पंख्यांसाठी घातलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेला तेवढे झेपत नाही. फ्यूज जाड केल्याने तार जाड होत नाही. फ्यूज शाबूत राहतो आणि भिंतीतली तार जळते.

पावसाळ्यात आरसीसीबी वरचेवर पडतो, तेव्हा काही वायरमन तो काढून थेट जोडणी करून देतात. असे कदापि करू देऊ नये. ओलीमुळे कोठेतरी वीज गळत आहे, एवढेच तो सांगत असतो. माणसाच्या जिवासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. साधा एमसीबी शॉकपासून वाचवीत नाही. दुकानात पाणी शिरू लागले तर पाणी प्लगपर्यंत चढण्याआधी, कोरड्या जागी उभे राहून मेन बंद करावा. मेनपर्यंत पाण्यातून जावे लागत असेल तर जाऊ नये. कंपनीला कळवून बाहेरून वीज बंद करवावी.

कुणाला शॉक लागला तर त्याला हात लावू नये. विजेने हाताची मूठ आवळली जाते, माणूस स्वतःहून सुटू शकत नाही आणि ओढणाराही चिकटतो. आधी मेन बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर किंवा रबरी पायपुसण्यावर उभे राहून सुक्या काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला दूर लोटावे. हे फक्त घरातल्या विजेपुरते. रस्त्यावर पडलेल्या तारेजवळ तर फिरकूच नये. माणूस बेशुद्ध असून श्वास चालत नसेल तर 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि तोपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. अंगाला माती चोळणे, वाळूत पुरणे यांत मोलाची मिनिटे जातात. शुद्धीवर असलेल्यालाही दवाखान्यात न्यावे, कारण हृदयाच्या ठोक्यांत झालेला बिघाड वरून दिसत नाही.

आग लागली तर वीज चालू असताना पाणी मारू नये. कोरड्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे नाहीतर सुकी वाळू वापरावी. यंत्रमागाच्या कारखान्यात कापसाची रुई तुळयांवर, तारांवर साचलेली असते. वरची ज्वाळा विझली तरी ती आत धुमसत राहते, म्हणून वीज बंद केल्याची खात्री झाल्यावर ती जागा पाण्याने पूर्ण भिजवावी. पण आग हाताबाहेर जाते असे दिसताच माणसे बाहेर काढून 101 किंवा 112 फिरवावा. कारागीर आत झोपलेले असताना बाहेरून कुलूप लावण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती आजच बंद व्हावी. चोरीची भीती असेल तर आतून उघडणारी कडी बसवावी.

आता वायरमन कोठून आणावा? प्रथम शेजारी दिवे आहेत का ते पाहावे. सगळीकडे अंधार असेल, किंवा आपला मेन वर असूनही वीज येत नसेल, तर काम कंपनीचे. मीटरपर्यंतची जोडणी कंपनीची, मीटरनंतरची आपली. मीटरच्या सीलला आपण किंवा आपल्या वायरमनने हात लावू नये. पुढे वीजचोरीचा आळ आला तर बाजू मांडणे कठीण जाते. वीज तक्रारीचा 1912 हा क्रमांक देशभर आहे. भिवंडीचा कारभार 2007 मध्ये टोरंट पॉवरकडे आला, मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी व टाटा, राज्यात इतरत्र मुख्यतः महावितरण. आपल्या बिलावर छापलेला क्रमांक मोठ्या अक्षरांत मेन स्विचजवळ लिहून ठेवावा.

रात्री मोबाइलवर ‘इलेक्ट्रिशियन’ शोधून मिळेल त्या क्रमांकाला पैसे पाठवू नयेत. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क करा’ असे संदेश पाठवून फोनवर एखादे अॅप उतरवायला लावायचे आणि खाते रिकामे करायचे, असा धंदा 2022 च्या सुमारास फार बोकाळला होता. वीज कंपनी कोणा खाजगी मोबाइल क्रमांकावर फोन करायला सांगत नाही.

खात्रीचा माणूस मिळण्याची जागा म्हणजे मोहल्ल्यातले इलेक्ट्रिकच्या मालाचे दुकान आणि मोटर रिवाइंडिंगवाला. कोणाचे काम टिकते व कोण उधारी बुडवतो, दोन्ही त्यांना माहीत असते. आयटीआयचा दोन वर्षांचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम केलेला, परवाना असलेला माणूस पाहावा. नवीन जोडणी वा फेरफार परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच व्हावा, असा नियम आहे. असे दोन माणूस हेरून, दिवसा एखादे किरकोळ काम देऊन पारखून ठेवावेत. रात्री येण्याचे काय घेणार हे तेव्हाच ठरवावे. अपरात्री उठून येणाऱ्याने थोडे जास्त मागितले तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते दर न सांगता काम उघडून ठेवणे. फोनवर मात्र काय दिसले, कसला वास आला, काय काय बंद पडले हे नीट सांगावे, म्हणजे तो योग्य सामान घेऊन येतो. ‘सगळी वायरिंग बदलावी लागेल’ असे कुणी मध्यरात्री सांगू लागला तर दोष असलेली लाइन वेगळी करून घ्यावी आणि बाकीचा निर्णय उजेडात घ्यावा.

कामाचे बिल घ्यावे व जळालेला भाग मागून ठेवावा. नुकसान मोठे असेल तर काही हलविण्यापूर्वी फोटो काढावेत. विमा कंपनीचा सर्व्हेअर अग्निशमन दलाचा दाखला, पंचनामा व बिले मागतो. माणसाला इजा झाली असेल तर वीज अधिनियम 2003 च्या कलम 161 नुसार अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाकडे जावी लागते. त्याचा चौकशी अहवाल भरपाईच्या वेळी कामी येतो, म्हणून ती गेली की नाही हे आपण स्वतः विचारून घ्यावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.